शब्द पाठ आहेत, पण वाक्य हाती लागत नाही

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी पुण्यात राहते. बरीच वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवल्यानंतर आता मी घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेते. सध्या चीनमधील छंगदू शहरातल्या दोन महाविद्यालयीन मुली माझ्याकडे शिकत आहेत. त्यांना डिसेंबरमध्ये तिकडची सीईटी-४ ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. दोघी अतिशय कष्टाळू आहेत. शब्दांचे अर्थ विचारले तर धडाधड सांगतात, व्याकरणाचे नियमही त्यांना तोंडपाठ आहेत. पण उतारा दिला की प्रश्नांची उत्तरे चुकतात, आणि का चुकली हे त्यांना सांगता येत नाही. इंग्रजी बोलताना त्या आईबद्दलही 'ही' (म्हणजे तो) म्हणतात, 'शी' (म्हणजे ती) म्हणत नाहीत. मी आणखी शब्द पाठ करून घेऊ, की व्याकरणाचे स्वाध्याय वाढवू? मला चिनी भाषेचे अक्षरही येत नाही, तेव्हा त्यांना शिकवण्यास मी पात्र आहे का, अशीही शंका येते. त्यांच्यापैकी एकीची शाळेत जाणारी धाकटी बहीणही माझ्याकडे शिकू इच्छिते. तिला घ्यावे का?

— एक शिक्षिका, पुणे

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एका वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. उत्तर का चुकले हे मुलींना सांगता येत नाही, असे आपण लिहिले आहे. अडचणीचे मूळ तिथेच आहे. शब्द अडला असता तर मुलीने तो शब्द दाखवला असता, नियम अडला असता तर नियम विचारला असता. परंतु ज्या वाचकाला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि तरीही अर्थ भलताच लागतो, त्याला आपण नेमके कुठे घसरलो हे कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून आणखी शब्द पाठ करून घेऊ नका आणि व्याकरणाचे स्वाध्यायही वाढवू नका, असे मी आपणास स्पष्टपणे सुचवतो. या मुलींना इंग्रजी वाक्याची बांधणी डोळ्यांनी ओळखायला शिकवावी लागेल, आणि ते काम मराठीभाषक शिक्षिका फार चांगले करू शकते. त्याचे कारण पुढे सविस्तर लिहितो.

आधी परीक्षेविषयी. नावात साम्य असले तरी आपल्याकडच्या सीईटीशी तिचा काही संबंध नाही. चीनमध्ये १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी ही परीक्षा एकूण ७१० गुणांची असते. ४२५ गुण मिळाले की पुढची सीईटी-६ देता येते, म्हणून तेवढे गुण मिळाले की विद्यार्थी आपापसात 'पास झालो' असे म्हणतात. वाचनाच्या भागाला एकूण गुणांच्या ३५ टक्के गुण आणि ४० मिनिटे असतात. त्यात आधी १० रिकाम्या जागांचा उतारा येतो, त्यासाठी खाली दिलेल्या १५ शब्दांतून शब्द निवडायचे असतात. मग एक लांब लेख आणि त्यातील परिच्छेदांशी जुळवायची १० विधाने. आणि शेवटी दोन उताऱ्यांवरचे १० बहुपर्यायी प्रश्न. तिन्ही ठिकाणी प्रश्न दहाच असले तरी त्यांचे मोल सारखे नाही. शेवटच्या उताऱ्यांवरील एका प्रश्नाला १४.२ गुण आहेत, तर पहिल्या भागातील एका रिकाम्या जागेला अवघे ३.५५. छापलेल्या क्रमाने सोडवत गेलेला विद्यार्थी स्वस्त जागा भरण्यात वेळ घालवतो आणि महागड्या प्रश्नांपाशी पोहोचतो तेव्हा घड्याळ संपत आलेले असते. तेव्हा शेवटचे दोन उतारे आधी, मग परिच्छेद जुळवणे आणि रिकाम्या जागा सर्वांत शेवटी, हा क्रम आजपासूनच अंगवळणी पाडावा.

आता बांधणीचा मुद्दा. आपण एक वाक्य घेऊ: 'द प्रपोजल दॅट द कमिटी अपॉइन्टेड बाय द गव्हर्न्मेंट रिजेक्टेड लास्ट यिअर हॅज नाऊ बीन रिव्हाइव्ड.' यात एकही शब्द आपल्या विद्यार्थिनींना अवघड नाही, तरीही सरकारने प्रस्ताव फेटाळला, किंवा समितीने कोणाची तरी नेमणूक केली, असे अर्थ त्यांच्याकडून येण्याची दाट शक्यता आहे. हेच वाक्य मराठीत असे होते: 'सरकारने नेमलेल्या समितीने गेल्या वर्षी फेटाळलेला प्रस्ताव आता पुन्हा पुढे आला आहे.' मराठीत क्रम सरकार, समिती, प्रस्ताव असा आहे. इंग्रजीत तो प्रस्ताव, समिती, सरकार असा नेमका उलटा झाला आहे. चिनी भाषेत क्रम मराठीसारखाच असतो: आधी सगळे वर्णन, मग साधारण 'त' असा ऐकू येणारा एक छोटा जोडशब्द आणि शेवटी ज्याचे वर्णन केले ते नाम. त्यामुळे नाम आले की त्याच्याविषयीचे सांगून झाले, अशी चिनी वाचकाची खोलवर रुजलेली सवय असते. इंग्रजीत मात्र नाम आल्यानंतरच वर्णनाला सुरुवात होते. ते संपेपर्यंत मुख्य क्रियापद लांबवर गेलेले असते, आणि मधल्या 'अपॉइन्टेड', 'रिजेक्टेड' यांपैकी जे आधी दिसेल त्यालाच विद्यार्थी क्रियापद समजून बसतो.

आपण जे वाक्य सहज मराठीत उलटवू शकता, ते त्या मुली सहज चिनीत उलटवू शकत नाहीत, याचे आणखी एक कारण आहे. मराठीत 'समितीने फेटाळलेला प्रस्ताव' अशी रचना आहे, तशीच 'जो प्रस्ताव समितीने फेटाळला, तो' अशीही आहे. ही जो-तो ची रचना इंग्रजी क्रमाच्या बरीच जवळ जाते, आणि मराठी मुलाला इंग्रजी वाचताना तिचा पायरीसारखा उपयोग होतो. चिनी भाषेत ही पायरी नाही. आपल्याकडच्या मुलांनी जे न शिकवता पार केले, ते या मुलींना मुद्दाम शिकवावे लागेल, आणि त्यासाठी मन लावून वेळ द्यावा लागेल. चीनमधील विद्यार्थी अशा वाक्यांना 'छांग-नान-ज्यू', म्हणजे लांब अवघड वाक्ये, असे म्हणतात. आपण वर्गात हा शब्द उच्चारलात तर मुलींचे चेहरे लगेच खुलतील, कारण त्यांचे नेमके दुखणे बाईंना कळले आहे हे त्यांच्या ध्यानात येईल.

सरावासाठी रोज उताऱ्यातले एकच लांब वाक्य घ्या, अधिक नको. पहिल्या फेरीत मुलीने काळ दाखवणारे मुख्य क्रियापद शोधावे, इथे 'हॅज बीन रिव्हाइव्ड'. दुसऱ्या फेरीत 'काय रिव्हाइव्ह झाले?' असे विचारावे आणि उत्तर एकाच शब्दात घ्यावे. प्रस्ताव आणि त्याचे क्रियापद हा वाक्याचा कणा हाती आला की मगच मधला मजकूर उघडावा: प्रस्ताव कोणता, तर समितीने फेटाळलेला, समिती कोणती, तर सरकारने नेमलेली. 'अपॉइन्टेड'च्या पुढे 'बाय' आहे, म्हणजे नेमणूक समितीने केलेली नसून समितीची झाली आहे, हे तिने स्वतः बोट ठेवून सांगितले पाहिजे. तिसऱ्या फेरीत त्या तीन नामांना इंग्रजी वाक्यात १, २, ३ असे क्रमांक द्यावेत आणि तो सगळा नामसमूह तिला चिनीत लिहून त्यातील नामांवर तेच क्रमांक टाकायला सांगावेत. आपणास चिनी वाचता येत नसले तरी क्रमांक वाचता येतात. ते ३, २, १ असे आले तर तिला वाक्य समजले आहे. १, २, ३ असेच राहिले तर तिने शब्दामागे शब्द ठेवून भाषांतर केले आहे, समजून घेतलेले नाही. चिनी न जाणणाऱ्या शिक्षिकेला विद्यार्थिनीचे आकलन तपासण्याची याहून खात्रीची युक्ती मला ठाऊक नाही.

दुसरी अडचण वाक्यांच्या जोडणीची. मराठीत 'जरी' आले की 'तरी' येतेच. चिनीतही 'सुईरान' आले की पुढे 'दानशी' येते, आणि 'यिनवेइ' आले की 'सुओयी'. म्हणून आपली मुले आणि ही मुले सारखीच चूक करतात: 'ऑल्दो' लिहून पुन्हा 'बट' लिहितात. लेखनातली ही चूक लाल शाईने सुधारता येते, वाचनातली दिसत नाही. जोडीची सवय असलेला वाचक आधी 'जरी'चे वाक्य आणि मग लेखकाचा खरा मुद्दा अशी अपेक्षा धरून वाचतो. इंग्रजी लेखक मात्र पुष्कळदा मुद्दा आधी सांगून टाकतो आणि 'ऑल्दो'चा तुकडा शेपटीला जोडतो. 'मोस्ट पेरेंट्स हॅव वेलकम्ड द स्कीम, ऑल्दो सम टीचर्स रिमेन अनकन्व्हिन्स्ड' या वाक्यात भर पालकांच्या स्वागतावर आहे. पण शेवटी आलेले तेच महत्त्वाचे, असे मानणारी मुलगी शिक्षकांचा विरोध हा मुख्य मुद्दा म्हणून निवडते. लेखकाचे मत विचारणाऱ्या प्रश्नांत असे गुण हकनाक जातात. यासाठी अशी वाक्ये आलटून पालटून दोन्ही क्रमांनी वाचून घ्यावीत आणि दर वेळी एकच प्रश्न विचारावा: यातला कोणता अर्धा भाग एकटा पूर्ण वाक्य म्हणून उभा राहू शकतो? जो उभा राहतो, तिथे लेखकाने वजन टाकलेले असते.

काळाच्या बाबतीत त्यांची कोंडी आपणास मराठीतूनच उमगेल. चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय नसतात. 'ल' हा शब्द क्रिया पुरी झाल्याचे सांगतो, ती भूतकाळात झाली असे सांगत नाही, त्यामुळे उद्याच्या गोष्टीतही तो येऊ शकतो. आपण 'उद्या जेवलो की निघतो' असे म्हणतो तेव्हा 'जेवलो' हे भूतकाळाचे रूप असूनही क्रिया उद्याची असते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय चिनी कथनात घटना बहुधा घडल्या त्या क्रमाने मांडल्या जातात. इंग्रजी उतारा शेवटाकडून सुरू होऊन 'हॅड'च्या आधाराने मागे जातो, तेव्हा या वाचकांच्या मनातला क्रम विस्कटतो. म्हणून काळांचे तक्ते पुन्हा म्हणून घेण्याऐवजी उताऱ्यातील प्रत्येक 'हॅड' अधोरेखित करायला सांगा आणि समासात घटनांचा खरा क्रम लिहून घ्या.

'ही' आणि 'शी' यांच्या गोंधळाने आपण काळजीत पडू नये. चिनी भाषेत तो, ती आणि ते यांचा उच्चार एकच, 'ता', असा आहे. लिहिताना अक्षरे वेगळी असली तरी 'ती'चे वेगळे अक्षर विसाव्या शतकात रूढ झाले, आणि त्यात लिऊ बाननोंग या कवी-भाषातज्ज्ञांचा मोठा वाटा होता. बोलताना ज्यांना हा भेद कधी करावाच लागला नाही, त्यांच्या जिभेवर तो दडपणाखाली टिकत नाही. आईला 'ही' म्हणणाऱ्या मुलीला आई स्त्री आहे हे सांगायची गरज नसते, म्हणून तिला मध्येच अडवू नका. तिचे बोलणे पूर्ण होऊ द्या आणि उत्तर देताना आपण सहज 'शी' वापरा. वाचनात 'ही-शी'पेक्षा 'इट', 'धिस' आणि 'विच' अधिक घात करतात, कारण इंग्रजीत सर्वनाम येते तिथे चिनी लेखक पुष्कळदा नाम पुन्हा लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. उताऱ्यातील प्रत्येक 'धिस' कशाकडे बोट दाखवतो, याचा बाण पेन्सिलीने मागे काढायला लावा.

शब्दांविषयीचे माझे मत काहीसे कठोर आहे. चीनमधील शब्दांची अनेक पुस्तके वर्णानुक्रमाने रचलेली असतात, आणि 'अबॅन्डन' हा पहिल्याच पानावरचा शब्द तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहे. यादीत एका शब्दासमोर एक चिनी अर्थ असतो, आणि तेवढाच मनात पक्का बसतो. मग 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे ठाऊक असलेली मुलगी 'टु ॲड्रेस द प्रॉब्लेम'पाशी थबकते, आणि 'साऊंड' म्हणजे आवाज असे पाठ केलेलीला 'अ साऊंड अर्ग्युमेंट' म्हणजे भक्कम युक्तिवाद हे सुचत नाही. ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थाला तिकडचे विद्यार्थी 'शू-त्स शंग-यी' म्हणतात, आणि परीक्षेत नेमके हेच शब्द गाठतात. नवे शब्द थांबवून या मुलींच्या वहीत जुन्याच शब्दांचे दुसरे अर्थ लिहून घ्या. मात्र सुटा शब्द लिहू देऊ नका, उताऱ्यातले पूर्ण वाक्य लिहायला लावा.

रिकाम्या जागांच्या उताऱ्यात शब्दाच्या शेपटाकडे पाहण्याची सवय फार कामाला येते. चिनीत 'फाजान' हा एकच शब्द 'डेव्हलप'साठीही चालतो आणि 'डेव्हलपमेंट'साठीही. रूप बदलत नाही, जागेवरून अर्थ कळतो. म्हणून इंग्रजी शब्दाचा शेवट या वाचकांच्या नजरेतून निसटतो. उतारा वाचण्याआधी १५ शब्दांची नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण अशी विभागणी करून घ्यावी, आणि मग प्रत्येक रिकाम्या जागेत यांपैकी काय बसेल एवढेच आधी ठरवावे. निम्मे पर्याय अर्थ न पाहताच बाद होतात.

आकड्यांबाबत एक लहानशी सूचना. चिनी मोजणी दहा हजारांच्या 'वान' या एककावर चालते आणि दहा कोटींना 'यी' म्हणतात, त्यामुळे 'मिलियन' आणि 'बिलियन' वाचताना त्यांची तशीच ओढाताण होते जशी लाख-कोटीत विचार करणाऱ्या आपली होते. दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि तेच शंभर वान, एवढे समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तरी पुरे.

आपल्या पात्रतेविषयी. आपण ज्या भाषेतून इंग्रजीकडे आलात, तिच्यातही 'अ' आणि 'द' नाहीत, वर्णन नामाच्या आधी येते आणि जरीला तरी लागते. या अनुभवातून न गेलेल्या शिक्षकाला हे अडथळे मुळात दिसतच नाहीत. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे. मराठीत क्रियापद शेवटी येते, चिनीत ते इंग्रजीप्रमाणे कर्माच्या आधी येते. तेव्हा आपल्या शाळेतल्या मुलांकडून शब्दक्रमाचा जो सराव आपण घोटून घेत असाल, तो इथे बव्हंशी अनावश्यक आहे. उलट मराठी क्रियापद लिंग, वचन आणि पुरुषाप्रमाणे सतत बदलत असल्यामुळे 'शी गोज'मधला बदल आपल्या मुलांना निदान कल्पनेने परका नसतो, पण चिनीत क्रियापद कर्त्याप्रमाणे कधीच बदलत नाही, म्हणून तो शेवटचा 'झ' त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा गळेल. तिथे धीर धरावा. वाचनाच्या परीक्षेत त्याने फारसे अडत नाही.

शिकवणीच्या सोयीबद्दल एवढेच, की गुगलच्या सेवा चीनमध्ये बंद आहेत, त्यामुळे उतारे ईमेलने पाठवावेत. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. आपल्याकडे रात्री आठ वाजता तिकडे साडेदहा झालेले असतात, आणि त्या वेळी दमलेल्या डोळ्यांना लांब वाक्य दाखवण्यात अर्थ नाही. वाचनाचा तास संध्याकाळी लवकर ठेवावा आणि गप्पांचा सराव उशिरा.

शाळकरी बहिणीला मात्र शिकवणीसाठी घेऊ नये असे मला मनापासून वाटते. चीन सरकारने जुलै २०२१ मध्ये शालेय मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, आणि देशाबाहेर बसून शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांना नेमण्यास शिकवणी संस्थांना मनाई केली. आपल्या दोन विद्यार्थिनी सज्ञान आणि महाविद्यालयीन आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. धाकटीच्या बाबतीत पैसे घेऊन शिकवणे म्हणजे त्या कुटुंबाला आणि स्वतःलाही विनाकारण अडचणीत टाकणे आहे. थोरलीला एखादे सोपे इंग्रजी गोष्टींचे पुस्तक सुचवा आणि ते धाकटीबरोबर रोज एक पान मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना नामाचे वर्णन नामानंतर कुठे आले ते थोरलीनेच धाकटीला दाखवावे. त्यात तिचाही सराव होईल.